धुरपा सायाळ विरुद्ध घनदाटनगर परिषद

एक जंगल होतं. जंगल होतं तोवर त्याला नाव नव्हतं. प्राणी नुसतं 'आपलं रान' म्हणायचे आणि तेवढ्यावर भागायचं. मग झाडं विरळ होत गेली, मोकळ्या झालेल्या जागेत नगरपरिषद आली आणि परिषदेनं पहिल्याच सभेत ठराव करून त्या जागेचं नाव ठेवलं घनदाटनगर. ही गोष्ट लहान मुलांना सांगायला हरकत नाही, पण ती मध्येच प्रश्न विचारतात, म्हणून मी ती मोठ्यांना सांगतो.

परिषद आली म्हणजे निवडणूक आली. निवडणुकीला मोर उभा राहिला. त्याचं नाव पिसारे. समोर रानडुक्कर होतं, पण ते भाषणाला उभं राहिलं की सवयीनं आधी जमीन उकरायचं, आणि मतदारांना वाटायचं की हे निवडून आलं तर खरंच काहीतरी करील. त्या धास्तीनं त्याची मतं गेली. पिसाऱ्यांनी मात्र कशालाही हात लावला नाही. ते व्यासपीठावर आले, पिसारा उघडला आणि म्हणाले, "प्रत्येकाला घर, घराला दार, दारात मोर." टाळ्या थांबेनात. व्यासपीठाच्या मागं बसलेल्यांना मोर मागून कसा दिसतो तेही दिसलं, पण ते सगळे पक्षाचे कार्यकर्ते होते, त्यामुळे कोणी काही बोललं नाही.

निवडून आल्यावर पिसाऱ्यांनी नदीकाठाचं सुशोभीकरण काढलं. नदीकाठची माती मऊ होती. सायाळी, ससे, घोरपडी, मुंगसं सगळ्यांची बिळं तिथंच होती, आजे-पणजे तिथंच जन्मले आणि मेले होते. परिषदेच्या नकाशात मात्र ती बिळं नव्हती, ते खड्डे होते. आणि नगर खड्डेमुक्त करायचं वचन दिलेलं होतं. एका सकाळी सगळे खड्डे बुजवले गेले. रस्त्यावरचे तेवढे राहिले, कारण रस्ते दुसऱ्या खात्याकडे होते.

बुजवलेल्या जागेवर हिरवळ आली, कारंजं आलं, कारंज्यात दगडी मोर आला. बसायला बाकं आली. बाकांवर कोणी आडवं होऊ नये म्हणून प्रत्येक बाकाच्या मधोमध लोखंडी दांडा ठोकला होता. उद्घाटनाच्या दिवशी पिसारे अशा एका बाकावर बसले आणि त्यांचा पिसारा दांड्यात अडकला. सोडवताना काही पिसं तिथंच राहिली. ती आता परिषदेच्या सभागृहात काचेच्या पेटीत आहेत आणि खाली लिहिलं आहे, 'नगरासाठी त्याग.'

बिळं गेलेले प्राणी उघड्यावर झोपू लागले. हिरवळीवर, बाकांखाली, पुलाच्या कमानीत, जिथं जागा मिळेल तिथं. पाहुणे आले की हे दिसायचं आणि पिसाऱ्यांना वाईट वाटायचं. म्हणजे पाहुण्यांबद्दल वाईट वाटायचं. मग फर्मान निघालं की उघड्यावर झोपणं हा नगराचा अपमान समजला जाईल. अंमलबजावणी रानकुत्र्यांकडे दिली. जंगल होतं तेव्हाही ती हेच काम करत, पण तेव्हा गणवेश नव्हता. कोणी डोळा मिटला की रानकुत्रं येऊन उठवायचं आणि म्हणायचं, "पुढे चला." पुढे म्हणजे कुठे, ते फर्मानात नव्हतं. त्यामुळे बिळं गेलेले सगळे प्राणी रात्रभर नगराला फेऱ्या मारू लागले, आणि परिषदेच्या अहवालात नोंद झाली की घनदाटनगरात पहाटे फिरायला जाणाऱ्यांचं प्रमाण वाढलं आहे. त्यावर शेजारच्या वनाकडून निरोगी नगराचं पारितोषिकही मिळालं.

या फेऱ्या मारणाऱ्यांत धुरपा नावाची सायाळ होती. तिचा नवरा वारलेला. तिच्या सासूनं खणलेलं आणि तिनं हौसेनं वाढवलेलं बीळ कारंज्याच्या बरोबर खाली गेलं होतं. तिला दोन पिल्लं होती. मोठं दणकट होतं. धाकट्याचे काटे अजून मऊ होते आणि त्याला खोकला लागला होता. मार्गशीर्ष आला होता आणि नदीवरून गार वारं सुटलं होतं. या गोष्टीत हसण्यासारखं बरंच आहे आणि ते मी सांगणारच आहे. पण ते पिल्लू रात्रभर चालत होतं आणि चालता चालता खोकत होतं, हे कुठंतरी नोंदवून ठेवायला हवं. परिषदेनं नोंदवलं नाही, म्हणून मी नोंदवतो. मला अजूनही त्याचा राग येतो.

धुरपा परिषदेत गेली. मुख्याधिकारी बगळा एका पायावर उभा होता. दुसरा पाय त्यानं तातडीच्या कामासाठी राखून ठेवला होता.

"सायेब," धुरपा म्हणाली, "मला घर बांधून नगं. नदीकाठाला खणू द्या तेवढं. एका रातीत माझं मी करते."

बगळ्यानं अतिशय सौम्यपणे समजावलं. खणलं की खड्डा होतो, आणि नगर तर खड्डेमुक्त जाहीर झालेलं, तेव्हा नवीन खड्ड्याला परवानगी देणं म्हणजे जाहीर झालेली गोष्ट खोटी ठरवणं. धुरपा म्हणाली की मग माझं आधीचं बीळ तरी परत द्या, तुम्हीच बुजवलंत. यावर बगळ्याचा चेहरा उजळला.

"बाई, इथंच तुमची चूक होते आहे," तो म्हणाला. "परिषद नागरिकांची घरं बुजवत नाही. आणि ती जागा परिषदेनं बुजवली आहे. म्हणजे तिथं घर नव्हतं."

धुरपा पायऱ्या उतरून खाली आली. बगळ्याच्या बोलण्यात कुठंतरी खोट आहे हे तिला कळत होतं, पण नेमकी कुठं ते सापडत नव्हतं. शिकलेल्या माणसाशी बोलल्यावर आपलंच काहीतरी चुकलं असं वाटतं, तसं तिला झालं होतं. तिथूनच ती वकिलाकडे गेली.

घनदाटनगरात कोर्ट एका जुन्या वडाखाली भरायचं, आणि त्याच वडाला लोंबते नावाचे वकील लटकलेले असायचे. ते वटवाघूळ होते. उलटं लटकून वाचल्यामुळे प्रत्येक कायदा ते शेवटच्या ओळीपासून वर वाचत जायचे. गरिबाच्या सोयीचं जे काही असतं ते कायद्याच्या शेवटच्या ओळीतच असतं, त्यामुळे ते त्यांना आधी सापडायचं. परिषदेच्या कर्तव्यांत पहिलं कारंजं होतं, मग पुतळे, मग सत्कार, मग पाहुण्यांची सरबराई. अगदी शेवटी 'तसेच' म्हणून एक वाक्य होतं, की ज्या प्राण्यास रात्रीचा निवारा नाही त्यास तो परिषदेनं द्यावा. तिथवर वाचत जायची वेळ परिषदेवर कधी आलीच नव्हती.

"मागायचं नाही, धुरपाबाई," लोंबते म्हणाले. "मागितलं की ते उपकार करतात. आपण दावा लावू."

धुरपाला दावा म्हणजे भांडण वाटलं आणि ती जरा घाबरली. तिच्या घराण्यात कोणी कोर्टाची पायरी चढलेली नव्हती. पण शेजारी धाकटं खोकत होतं, त्यामुळे तिनं हो म्हटलं.

न्यायमूर्ती ढालकर हे कासव होते. प्रामाणिक म्हणून त्यांची ख्याती होती आणि ती खरी होती. त्यांच्यात खोट एकच, जन्मल्यापासून त्यांचं घर त्यांच्या पाठीवर होतं. पहिल्या तारखेला त्यांनी तक्रार नीट ऐकून घेतली आणि धुरपाला मायेनं विचारलं, "घर नाही म्हणता. आज आणायला विसरलात का?"

लोंबत्यांनी खुलासा केला की विसरण्याचा प्रश्न नाही, घर मुळातच नाही. न्यायमूर्तींनी विचार केला आणि विचारलं की मग ते ठेवलंय कुठे. पुढची तारीख पडली.

पुढच्या तारखेला परिषदेनं शपथपत्र दिलं. बगळ्यानं ते स्वतः वाचून दाखवलं. घनदाटनगरात एकही बेघर प्राणी नाही, हे परिषदेनं पाहणी करून ठरवलं होतं. पाहणी वरवरची नव्हती. कर्मचारी घरोघर गेले होते, प्रत्येक दार वाजवून त्यांनी विचारलं होतं, "आपण बेघर आहात का?" एकानंही हो म्हटलं नव्हतं. काही घरांत तर चहा घेऊन जा म्हणाले होते.

लोंबत्यांनी विचारलं की ज्यांना घरच नाही त्यांच्या घरी कोण गेलं होतं.

"तिथंही गेलो होतो," बगळा म्हणाला. "घर सापडलं नाही. मंडळी बाहेरगावी गेली असावीत, असं गृहीत धरलं."

न्यायमूर्तींना ते पटल्यासारखं दिसलं. पुन्हा तारीख पडली. धुरपानं वकिलाला विचारलं की ह्ये असंच चालणार का. लोंबते म्हणाले की न्यायमूर्ती चांगले आहेत, पण त्यांना समजत नाही, आणि समजावून सांगण्याची ही गोष्ट नाही. ते खरंच होतं. ज्याला कधी ठेच लागली नाही त्याला ठेच कशी समजावणार?

तिसऱ्या तारखेला हवा फारच गार होती. ढालकरांची एक पद्धत होती. मुद्दा अवघड आला की ते मान आत घ्यायचे, कवचाच्या अंधारात विचार करायचे आणि निर्णय झाला की मान बाहेर काढायचे. त्या दिवशी बगळ्यानं मुद्दा मांडला की बेघरपणा ही एक मनाची अवस्था आहे. न्यायमूर्ती विचारासाठी मान आत घेऊ लागले आणि अर्ध्यात थांबले.

"आत कोणीतरी आहे," ते म्हणाले.

तेवढ्यात न्यायमूर्तींच्या आतून खोकल्याचा आवाज आला. धुरपाचं धाकटं पिल्लू थंडीनं कासावीस होऊन, कोणाचं लक्ष नसताना, समोर दिसलेल्या पहिल्या उबदार फटीत शिरलं होतं. धुरपा घाईनं पुढं झाली. शिपाईही धावला. पण पिल्लाला झोप लागली होती, आणि ढालकर म्हणाले की राहू दे, माझं होईल तेवढ्यात. त्यांचं व्हायला संध्याकाळ झाली. आत जागा एकालाच होती. जन्मात पहिल्यांदा न्यायमूर्ती सबंध दिवस मान बाहेर ठेवून बसले. वारं नदीवरून येत होतं. दुपारपर्यंत ते कुडकुडू लागले, मग त्यांची मान आखडली, मग त्यांना बगळ्याचं बोलणं ऐकू येईना. दोनदा सवयीनं ते आत जायला गेले आणि आतल्या मऊ काट्यांनी त्यांना टोचलं. न्यायदानाच्या इतक्या वर्षांत कोणत्याही वकिलाला जे जमलं नव्हतं ते त्या पिल्लानं झोपेत केलं.

संध्याकाळी त्यांनी हुकूम दिला, आणि तो त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात छोटा हुकूम होता. परिषदेनं पुढच्या तारखेच्या आत रात्रीचा निवारा सुरू करावा.

परिषदेनं हुकूम पाळला. असं कोणी म्हणू नये की पाळला नाही. निवारा बांधला, त्यावर पिसाऱ्यांचं भलं मोठं चित्र लावलं, फीत कापली आणि फाटकावर पाटी लावली: 'रात्र निवारा. वेळ सकाळी दहा ते सायंकाळी साडेपाच. सार्वजनिक सुट्टीच्या दिवशी बंद.' न्यायमूर्तींनी कारण विचारलं तेव्हा बगळा म्हणाला की रात्री कर्मचारी घरी जातात. त्यांना घरं आहेत.

दुसरीकडे पिसाऱ्यांनी सभा घ्यायला सुरुवात केली. कोर्टाचा आपण आदर करतो, असं ते आधी म्हणायचे, म्हणजे पुढं काय येणार ते लोकांना कळायचं. मग पिसारा फुलवून ते विचारायचे, "हे बेघर म्हणवणारे आहेत कोण? मी चौकशी केली आहे. हे मूळचे या नगरातले नाहीत. हे जंगलातले आहेत." ऐकणारे चकित होऊन एकमेकांकडे बघायचे. त्यातल्या बऱ्याच जणांची शेपटी अजून जंगलातलीच होती, पण सभेला येताना ते ती खाली घालून बसत.

आता त्या कोर्टाची एक चाल सांगायला हवी. रान होतं तेव्हाही त्या वडाखाली न्याय व्हायचा, पण पुष्कळदा दोन तारखांच्या मध्ये वादी खाल्ला जायचा आणि दावा आपोआप निकाली निघायचा. पुढं पुढं वादी मिळेनात. म्हणून जुन्या जाणत्यांनी रीत पाडली की ज्याचा दावा चालू आहे त्याला पारंब्यांच्या आतून कोणी हलवायचं नाही, खायचं नाही, हटकायचंही नाही. दाव्याचा निकाल लागेपर्यंत ही आण पाळायची. वाघानंही ती पाळली होती. नगर झाल्यावर सगळ्या रीती मोडल्या, ही तेवढी राहिली, कारण ती कोणाच्या आड आली नव्हती.

धुरपाला ही रीत ठाऊक नव्हती. निवाऱ्याचं फाटक बंद झाल्यावर ती पिल्लं घेऊन नेहमीसारखी फिरत होती, मागं रानकुत्रं होतं. धाकट्याचे पाय उचलेनात म्हणून ती पारंब्यांच्या आत जाऊन टेकली आणि "पुढे चला" कधी येतंय याची वाट पाहू लागली. ते आलं नाही. रानकुत्रं पारंबीपाशी थांबलं होतं.

"का रं बाबा, थांबलास का?" तिनं विचारलं.

"तुमची केस चालू आहे, मावशी," ते म्हणालं. "आत आम्हाला चालत नाही."

बीळ गेल्यापासून पहिल्यांदाच ती सलग झोपली. सकाळी शिपायानं उठवलं तेव्हा धाकटं तिच्या पोटाशी होतं आणि खोकत नव्हतं.

तिनं हे कोणाला सांगू नये असं लोंबत्यांना वाटत होतं. पण ती सायाळ होती, गुपित ठेवायला तिला बीळ नव्हतं. तिनं सगळ्यांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी कोर्टात सशांची रांग लागली. सशांनी परिषदेवर दावा लावला. घोरपडीचं परिषदेशी काही वाकडं नव्हतं, तिनं एका दगडावर लावला, तो उन्हाळ्यात तापतो आणि थंडीत साथ देत नाही म्हणून. टिटवीनं आभाळावर लावला. मुंगसानं नागावर आणि नागानं मुंगसावर लावला, आणि दोघं शेजारशेजारच्या पारंबीला निर्धास्त झोपू लागले. लोंबते दिवसभर अर्ज लिहीत होते. त्यांना सुलटं व्हायलाही फुरसत नव्हती.

वडाखाली वस्ती झाली. सकाळी कोर्ट भरायच्या आधी वादी मंडळी उठून झाडलोट करायची, न्यायमूर्तींच्या दगडावर पाणी शिंपडायची आणि दूर होऊन बसायची. संध्याकाळी कोर्ट उठलं की पोरंबाळं दगडाभोवती खेळायची. पुकारा झाला की ज्याचा दावा असेल तो पुढं यायचा आणि नम्रपणे पुढची तारीख मागायचा. ढालकर उदार मनानं द्यायचे. धुरपाच्या धाकट्याचे काटे हळूहळू कडक होऊ लागले. ती रोज हात फिरवून बघायची आणि टोचलं की तिला बरं वाटायचं.

परिषदेत मात्र हाहाकार उडाला. वड अगदी मोक्याच्या जागी होता आणि पाहुण्यांचा रस्ता तिथूनच जायचा. हे हटवायचे कसे? मारून हटवता येत नव्हतं, वाघानंही पाळलेली आण आड येत होती. बगळ्यानं दुसरा पायसुद्धा खाली ठेवून विचार केला आणि उपाय काढला. निकाल लागला की आण संपते. तेव्हा निकाल लवकर लागला पाहिजे.

त्यानंतर त्या कोर्टात असं काही घडू लागलं की जुने वकील अजून त्याबद्दल बोलतात. परिषदच म्हणू लागली की न्यायाला विलंब होतो आहे. बगळा तारखेला सगळ्यात आधी हजर राहू लागला. परिषदेनं स्वतःविरुद्ध पुरावे शोधून आणले. बिळं बुजवतानाची चित्रं आणली, बुजवणारे साक्षीदार आणले, आणि लोंबते उलटतपासणी घ्यायला लागले की बगळाच मध्ये पडून म्हणायचा की साक्षीदार खरं बोलतो आहे, चूक आमचीच आहे. पिसाऱ्यांनी सभेत जाहीर केलं, "आम्ही हरणार! पूर्ण बहुमतानं हरणार!" टाळ्या थांबेनात.

धुरपाचा दावा पहिला, म्हणून निकालही पहिला तिचाच ठरला. निकालाच्या दिवशी सगळं नगर लोटलं. परिषद हार-तुरे घेऊन आली होती, हे हार नेमके कोणासाठी ते कोणाला कळेना. वडाच्या पलीकडे रानकुत्र्यांची फळी उभी होती.

आदल्या दिवशी लोंबत्यांनी धुरपाला समजावलं होतं. निकाल तुमच्याच बाजूनं लागणार, परिषदेनं चूक कबूल केली आहे, न्यायमूर्ती तुम्हाला नदीकाठी बीळ खणायला जागा द्या असं म्हणणार आहेत. धुरपा हरखली. मग लोंबत्यांनी पुढचं सांगितलं. परिषद निकाल मान्य करणार, टाळ्या वाजवणार, आणि मग अंमलबजावणीसाठी समिती नेमणार. नाही जमलं तर वरच्या कोर्टात जाणार. वरचं कोर्ट डोंगराच्या टोकावर आहे, तिथं गरुड बसतात, तिथली तारीख सायाळीच्या आयुष्यात पडतेच असं नाही. आणि इथला दावा मात्र उद्या संध्याकाळी संपलेला असणार.

"म्हंजे जितले की रस्त्यावर?" धुरपानं विचारलं.

उलटं लटकलेल्याला खाली मान घालायची सोय नसते, तरी लोंबत्यांनी प्रयत्न केला.

निकालाच्या दिवशी ढालकरांनी दगडावर बसून घसा साफ केला आणि रीतीप्रमाणे वादीला विचारलं की निकालापूर्वी काही सांगायचं आहे का. अशा वेळी वादी नुसते हात जोडतात. धुरपा पिल्लांना घेऊन पुढं झाली. तिचे सगळे काटे ताठ उभे होते, ते रागानं की भीतीनं, मला सांगता येणार नाही.

"सायेब, तुमी न्याय द्यायला लागलाय, त्यो मला पायजेच," ती म्हणाली. "पर हितं हातात देऊ नका. हितं घेतला तर त्यो घिऊन मी रातभर फिरत बसणार. हे लेकरू फिरणार. तुमाला द्यायचाच आसंल तर माझ्या दारात येऊन द्या. घरपोच द्या. तवर तुमच्यापाशीच ऱ्हाऊ द्या."

बगळा उठून म्हणाला की हा न्यायदानात अडथळा आहे. ढालकरांनी त्याच्याकडे पाहिलं, मग पिल्लाकडे पाहिलं, आणि विचार करण्यासाठी मान आत घेतली. ती लवकर बाहेर येईना. लोक ताटकळले, परिषदेचे हार सुकू लागले, पिसाऱ्यांनी उगाचच एकदा पिसारा उघडून मिटला. शेवटी न्यायमूर्ती बाहेर आले.

"निकाल तयार आहे," ते म्हणाले. "तो वादीला तिच्या स्वतःच्या दारात, न्यायालयानं समक्ष जाऊन वाचून दाखवावा. तसं दार होईपर्यंत दावा चालू समजावा. हाच हुकूम बाकीच्या सर्व दाव्यांना लागू आहे."

रानकुत्र्यांची फळी मागं सरली. वडाखाली एकच गलका झाला. नाग आणि मुंगूस चुकून एकमेकांच्या गळ्यात पडले आणि शुद्धीवर येऊन आपापल्या पारंबीला गेले. धुरपा खाली बसली आणि रडली. काटे ताठ असले की सायाळीला पाठीवरून हात फिरवून कोणी समजावू शकत नाही, त्यामुळे तिला रडू दिलं गेलं.

परिषदेला आता एकच वाट उरली होती. धुरपाला नदीकाठी खणू द्यायचं. बांधकाम लागणार नव्हतं, समिती लागणार नव्हती, एका रात्रीचं काम होतं आणि तेही तीच करणार होती. परिषदेनं खास सभा बोलावली आणि या एका मुद्द्यावर दिवसभर चर्चा केली. ऐकायला आलेल्या रानडुकरानं उठून म्हटलं की देऊन टाका परवानगी, मीही उकरायला येतो. त्याला खाली बसवलं. एकीला बीळ दिलं तर सगळ्यांना द्यावं लागेल, सगळ्यांना दिलं तर हिरवळ जाईल, हिरवळ गेली तर कारंज्याच्या मोराला शोभा राहणार नाही. ठराव एकमतानं फेटाळला गेला.

पण पिसारे काही मूर्ख नव्हते. वडाखालची मंडळी आता मोजण्याइतकी झाली होती, आणि ती एका जागी होती, आणि मतदान जवळ आलं होतं. एका सकाळी धुरपा झाडलोट करायला उठली तर वडाला फीत बांधलेली होती. पिसाऱ्यांनी ती कापली. पारंब्यांवर त्यांचं चित्र लागलं. वडाखालचा निवारा ही परिषदेचीच योजना असल्याचं जाहीर झालं, आणि शेजारच्या वनातून ती पाहायला पाहुणे येऊ लागले. धुरपाच्या धाकट्याला उचलून घेऊन पिसाऱ्यांनी चित्र काढून घ्यायचा प्रयत्न केला, पण त्याचे काटे आता पुरते कडक झाले होते.

जाहीरनामा त्याच आठवड्यात आला. आधीची वचनं त्यात नव्हती. त्यात एकच ओळ होती, आणि ती वाचून वडाखालच्या बऱ्याच जणांनी, खोटं कशाला बोलू, मान डोलावली: पुन्हा निवडून आल्यास प्रत्येक बेघराला हक्काचा खटला.